कबऱ्या त्या पोळ्याला नव्हता

वाचकाचे पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून चोपन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याने लिहिले आहे. वडिलांच्या पश्चात नऊ एकर जमीन अजून एकत्रच आहे. त्यातले विहिरीलगतचे तीन एकर ओलिताचे आणि उरलेले कोरडवाहू. २०१३ च्या पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरी परतल्यावर वडील ओट्यावर बसून कबऱ्या नावाच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “विहिरीचं वावर मोठ्याकडंच राहू द्या, विहीर त्यानंच खंदली,” असे या वाचकाला शब्दशः आठवते. त्याच हिवाळ्यात वडील गेले. लहान भावाच्या आठवणीप्रमाणे वडील त्या संध्याकाळी “विहीर दोघायची हाय” एवढेच म्हणाले होते. दीड वर्षापासून दोघा भावांचे बोलणे बंद आहे. ऐंशीच्या घरातली आई कधी याच्या बाजूने सांगते, कधी त्याच्या. बहीण लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात राहते. गेल्या महिन्यात पेटीत कागद शोधताना वाचकाला गुरांच्या बाजाराची एक पावती सापडली. कबऱ्या २०१३ च्या एप्रिलमध्येच विकला गेला होता. पावती त्यांनी कोणालाही न दाखवता पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवली. रात्री झोप लागत नाही. ते विचारतात, “भाऊ खोटं बोलतो असं मी धरून चाललो होतो. आता वाटते, माझ्याच डोक्यात बिघाड झाला काय? आणि बैल चुकला तर बाबांचा शब्दही चुकला काय?”

उत्तर

नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या पावतीपाशी थांबले. ती फाडून टाकणे तुम्हाला सहज शक्य होते, कारण तिच्याविषयी घरात कोणालाच माहीत नव्हते. तुम्ही ती जपून ठेवली आणि एका परक्या माणसाला लिहून कळवली, यावरून मला वाटते की भावाला हरवण्यापेक्षा खरे काय घडले हे कळण्याची तळमळ तुमच्या मनात अधिक आहे. त्याच भरवशावर मी पुढचे सारे मोकळेपणाने लिहिते.

तुमच्या पत्रात दोनच शक्यता आहेत: भाऊ खोटे बोलतो आहे, किंवा तुमच्या डोक्यात बिघाड झाला आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते. निरोगी माणसाची आठवण पेटीतल्या कागदासारखी असते, ठेवली तशीच बाहेर निघते, आणि ती तशी निघाली नाही तर कोणीतरी कागदात फेरफार केला असला पाहिजे किंवा पेटीलाच वाळवी लागली असली पाहिजे, ही ती समजूत. माणसाची स्मृती अशी काम करत नाही. केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अनोळखी लोककथा वाचायला दिली होती आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली होती. लिहिताना कथेतल्या होडग्यांच्या साध्या नावा झाल्या, सील प्राण्यांच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि जे वाचकांच्या जगात बसत नव्हते ते गळाले किंवा बदलले. त्यांना कोणाला फसवायचे नव्हते. हाती राहिलेले तुकडे आपल्या नेहमीच्या जगाच्या साच्यात बसवून त्यांनी कथा पुन्हा रचली होती, आणि आपण सगळेच आठवताना हेच करतो.

आता पोळ्याचा विचार करा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, लोणी-हळद लावायची, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” असे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणे, शिंगे रंगवणे, झूल, आखरावर तोरणाखाली रांग, झडत्या, मग घरोघरी ओवाळणी, आणि शेवटी दमून ओट्यावर बसलेले वडील. तुम्ही असे चाळीसएक पोळे पाहिले आहेत आणि प्रत्येकाचा क्रम जवळपास हाच. अशा वारंवार घडणाऱ्या प्रसंगांची प्रत्येक वेळची वेगळी नोंद मन फार काळ सांभाळत नाही. त्यांचा मिळून एक पोळा तयार होतो. कबऱ्या तुमच्या दावणीला अनेक वर्षे होता, वडिलांचा हात त्याच्या पाठीवरून फिरताना तुम्ही अनेकदा पाहिला होता. त्यामुळे २०१३ ची संध्याकाळ आठवताना, जिथे त्या वर्षीच्या बैलाची जागा रिकामी होती, तिथे तुमच्या मनाने कबऱ्याला आणून उभे केले. याला बिघाड म्हणत नाहीत. वडिलांच्या सोबत जो बैल तुमच्या मनात सर्वांत घट्ट बांधलेला होता, तोच तिथे आला.

अशीच चूक स्मृतीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडूनही झालेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांना लहानपणची एक आठवण लख्ख होती: ७ डिसेंबर १९४१ रोजी घरी रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन ऐकत असताना ते मध्येच थांबवून पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी सांगितली गेली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की डिसेंबरात तिकडे बेसबॉलचे सामनेच होत नाहीत. नंतर इतर अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या दिवशी रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा एक सामना खरोखरच होता, आणि त्यातल्या दोन्ही संघांची नावे बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांसारखीच होती. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, मध्येच आलेली बातमी खरी आणि खेळ तेवढा चुकीचा. तुमच्या ओट्यावरही असे घडलेले असू शकते. संध्याकाळ खरी, वडील खरे, वावराचा विषय निघाला हेही खरे, कारण तो निघाला होता हे तुमचा भाऊसुद्धा नाकारत नाही.

आजाराची भीती मात्र मी नुसत्या धीराच्या शब्दांवर सोडणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या दोन पोळ्यांची सरमिसळ होणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण नाही. काळजी करावी अशा गोष्टी वेगळ्या असतात: तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे आणि विचारल्याचे भान नसणे, रोजच्या वावराच्या वाटेवर चुकणे, कृषी केंद्राचा हिशेब आजवर सहज जमत होता तो जमेनासा होणे, आणि या सगळ्यात महिन्यामहिन्याने वाढ होत जाणे. असे काही असेल, मग ते तुमच्यात असो की आईमध्ये, तर जिल्हा रुग्णालयात तपासून घ्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा मनाची दीर्घ उदासी यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. तुम्ही झोप लागत नसल्याचे लिहिले आहे, ते मला बैलापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. दिवसभरात अनुभवलेले मनात पक्के बसण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते. झोप सतत मोडत राहिली तर लक्ष लागत नाही आणि विसर वाढतो. १४४१६ हा शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. रात्री दोन वाजता छतावरच्या कवेलूंकडे पाहत पडून राहण्यापेक्षा तिथे बोला.

“पण मला डोळ्यासमोर दिसते,” असे तुम्ही पत्रात चार वेळा लिहिले आहे. दिसत असणार यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की स्पष्ट दिसणे हा खरेपणाचा पुरावा धरता येईल का. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर लगेचच नष्ट झाले. त्याच नायसर यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे, कोणाकडून, काय करत असताना कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनी आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. अकरा जणांच्या उत्तरातील एकही मुख्य गोष्ट आधीच्या लिखाणाशी जुळली नाही. सगळे बरोबर सांगणारे केवळ तिघे निघाले. वर्गात इतरांच्या बोलण्यातून बातमी कळलेल्या एका विद्यार्थिनीला आपण खोलीवर मैत्रिणीसोबत दूरदर्शनवर ती पाहिली असे आठवत होते. चुकणाऱ्यांतले अनेक जण पूर्ण खात्रीने बोलत होते, आणि त्यांचे स्वतःच्या हस्ताक्षरातले कागद समोर ठेवल्यावरही मूळची आठवण परत आली नाही. तुमच्या हाती तुमच्याच घरचा असा एक कागद आला आहे.

आता भावाविषयी. तो खोटे बोलत असेलच असे तुम्ही धरून चालता, कारण तुम्ही दोघे एकाच ओट्यावर होता, मग आठवणी दोन कशा, असे तुम्हाला वाटते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००१ साली जुळ्या भावंडांच्या आठवणींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की लहानपणची एकच घटना, पडल्याची, बक्षीस मिळाल्याची, दोन्ही भावंडांना आपल्याबाबतीत घडल्यासारखी आठवत असते आणि दोघेही मनापासून तसे सांगत असतात. मग तुमच्यात तर वयाचे अंतर आहे. शिवाय विहिरीचे घ्या. काळ्या दगडात सुरुंग लावून, पहार मारून, टोपल्यांनी मुरूम वर काढत ती विहीर तुम्ही दोघांनी खंदली, असे पत्रात एके ठिकाणी तुमच्याच हातून लिहून गेले आहे. आपण मारलेली पहार हाताला कळते, दुसऱ्याने मारलेली फक्त नजरेला दिसते. एकत्र केलेल्या कामात आपला वाटा प्रत्येकाला अधिक आठवतो, हे मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली संसार करणाऱ्या जोडप्यांवर दाखवले होते. “विहीर त्यानंच खंदली” हे वाक्य तुम्हाला इतके ठळक ऐकू येते, याला ही मेहनतसुद्धा कारण असू शकते. आणि “दोघायची हाय” हे वाक्य भावाला तितकेच ठळक ऐकू येण्यालाही.

त्यात दीड वर्षाच्या भांडणाची भर पडली. या काळात तुम्ही ही गोष्ट पारावर सांगितली, सासुरवाडीला सांगितली, तलाठ्यासमोर सांगितली, आणि भावानेही त्याच्या माणसांना सांगितली. आठवण प्रत्येक वेळी बाहेर काढली की ती काही काळ मऊ पडते आणि पुन्हा घट्ट होताना थोडी बदलू शकते. न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की भीतीची पक्की झालेली आठवण नुसती जागवली आणि लगेच मेंदूच्या विशिष्ट भागात प्रथिने तयार होणे औषधाने थांबवले, तर ती भीती पुढे टिकत नाही. आठवण न जागवता तेच औषध दिले तर काही होत नाही. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. पण रागाच्या भरात पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट पहिल्या वेळेसारखी राहिली असेल असे मी तरी म्हणणार नाही.

मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते तुमच्या आईविषयी. ती कधी तुमच्या बाजूने सांगते, कधी त्याच्या, म्हणून तुम्ही दोघेही तिच्यावर चिडता. पण तिला विचारता कसे? तुम्हीच लिहिले आहे: “माय, बाबा असंच म्हणाले होते ना?” या प्रश्नाच्या शेवटी असलेला ‘ना’ फार जड आहे. “काय म्हणाले होते?” हा प्रश्न तिला आठवायला सांगतो आणि “असंच म्हणाले होते ना?” हा प्रश्न तिला होकार द्यायला सांगतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली काही जणांना मोटारींच्या टकरीची छोटी चित्रफीत दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना त्याच जागी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरून विचारले. आठवड्याने सर्वांना विचारले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच कुठेच नव्हती. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले, ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. एका शब्दाने, तरुण माणसांत, आठवड्याभरात हे होते. ऐंशीच्या घरातल्या बाईला तिची दोन लेकरे दीड वर्ष ‘ना’ लावून विचारत आहेत. ती खोटे बोलत नाही. समोरच्या लेकराचे समाधान आणि स्वतःची आठवण या दोन गोष्टी आता तिला वेगळ्या काढता येत नसतील. म्हणून माझी विनंती आहे की या विषयावर तिला यापुढे एकही प्रश्न विचारू नका, आणि भावालाही तसे कळवा.

आपल्या भाषेत ‘म्हणे’ असा एक छोटा शब्द आहे. स्वतः न पाहिलेली, ऐकीव गोष्ट आपण त्याच्यासह सांगतो: “बाबा म्हणे असं बोलले होते.” चार तोंडांतून गोष्ट फिरली की हा ‘म्हणे’ गळून पडतो आणि ऐकलेले पाहिल्यासारखे होते. तुमचा मुलगा त्या वर्षी सहा वर्षांचा होता आणि आज तो ‘मी तिथंच होतो’ म्हणून साक्ष देतो, असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. तो तिथे असेलही. पण घरातल्या लहानांच्या तोंडी हे भांडण साक्ष म्हणून उतरू देऊ नका. ऐकून ऐकून तयार झालेली आठवण आणि पाहिलेली आठवण यांतला फरक त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, मग माझे शब्द चुकलेच. तसे मी म्हटलेले नाही. बैल चुकला म्हणून वाक्य चुकलेच असे होत नाही. वडील तुमच्या आठवणीप्रमाणेच बोलले असतील. एकाच संध्याकाळी दोन्ही वाक्ये बोलले असतील. एक वाक्य त्या पोळ्याचे आणि दुसरे आधीच्या एखाद्या पोळ्याचे असेल. आणि भाऊ जाणूनबुजून खोटे बोलत असण्याची शक्यताही मी पुसून टाकत नाही, माणसे तसेही करतात. पण नुसत्या आठवणीच्या जोरावर यांतले एक निवडण्याचे साधन तुमच्याजवळ नाही, माझ्याजवळ नाही, आणि गावच्या तंटामुक्त समितीजवळही नाही.

तेव्हा एक काम करून पाहा, आणि ज्या घरांत सोने, जागा किंवा लग्नातला शब्द यांवरून असेच अडलेले असेल त्यांनीही ते करावे. दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांशी किंवा बायकोशी न बोलता, ती संध्याकाळ कागदावर लिहावी. वावराचा शब्द सुरुवातीला लिहू नका. आधी त्या दिवशी पाऊस होता का, पऱ्हाटी किती वाढली होती, जेवायला काय होते, ओट्यावर कोण कुठे बसले होते, हे सुचेल तसे लिहा. जमले तर संध्याकाळच्या वेळी त्याच ओट्यावर बसून लिहा, कारण जागा आणि वेळ यांच्या आधाराने आठवण वर यायला मदत होते. प्रत्येक वाक्यापुढे ते पाहिलेले, ऐकलेले की अंदाजाचे, हे प्रामाणिकपणे नोंदवा, आणि आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहा, जागा भरून काढू नका. नंतर दोघेही ज्याला मानता अशा एका माणसासमोर दोन्ही कागद एकदमच वाचा. त्या माणसाने मध्ये एकही प्रश्न विचारू नये. याने वडिलांचा शब्द सिद्ध होईल असे मला वाटत नाही. पण दुसऱ्याच्या कागदावर ‘आठवत नाही’ वाचले की तो खोटारडा वाटेनासा होतो, हे समुपदेशन करताना मी अनेकदा पाहिले आहे.

वाटणी मात्र या कागदांवर करू नका. तोंडी सांगितलेल्या इच्छेला कायद्यात मृत्युपत्राचे स्थान सहसा मिळत नाही, मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. ते नसेल तर वारस म्हणून आईचा आणि तुमच्या बहिणीचाही हक्क येतो. पत्रात बहिणीसाठी तुम्ही एकच ओळ खर्च केली आहे, आणि ती ओट्यावर होती की नव्हती हेही लिहिलेले नाही. तिला बोलावल्याशिवाय कुठलीही बैठक घेऊ नका. सातबारा आणि फेरफार काढा, तालुका विधी सेवा समितीत सल्ला घ्या आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आजच्या गरजेवर ठरवा. वडिलांच्या एका वाक्यावर तीन एकरांचा भार टाकला आहे तो उतरला, तर ते वाक्य तुम्हाला वडिलांची आठवण म्हणून जवळ ठेवता येईल.

राहिली पावती. ती लपवून ठेवली तर रोज तुम्हालाच सांभाळावी लागेल, आणि भावाला ती पुढे दुसऱ्या कोणाकडून कळली तर तुमचे खरे बोलणेही तो मानणार नाही. लिहिण्याचे कागद वाचायच्या आधी, चार माणसांत नाही, तुम्ही एकटे त्याच्याकडे जा आणि ती त्याच्या हातात द्या. भाऊ वाद घालेल, किंवा जिंकल्यासारखा हसेल, तेवढे सहन करा. त्याला समजावू नका. फक्त सांगा, “कबऱ्या त्या पोळ्याला आपल्याकडं नव्हता, हे पाय. मले मात्र अजूनही बाबांचा हात त्याच्याच पाठीवर दिसते. तुले त्या दिवशी कोणता बैल दिसते?” आणि तो बोलेपर्यंत थांबा.